शेवंतीने काम सोडलं नव्हतं

"बाये, मी काल इलंय काय गे?"

शालिनीने कॉम्प्युटरवरून मान वर केली. टेबलासमोर शेवंती उभी होती. जेवणाची सुट्टी झाली होती, कारखान्याच्या पडवीत बायकांचे डबे उघडले होते, आणि ही बाई डब्याला हात न लावता थेट ऑफिसात घुसली होती. काजू फोडून फोडून, टरफलाच्या तेलाने काळी पडलेली तिची बोटं पदराशी चाळा करत होती.

"काय झालं? बस आधी त्या कदेलीर," शालिनी खुर्ची पुढे सरकवत म्हणाली.

"बसूक नाय इलंय. भायर फळ्यार कागद लावलो आसा, तो बघलंस? मागसून कामार इलेल्या माणसांचो. त्येच्यात माझा नाव! माझ्याकडे काजू फोडूक शिकल्यो त्यो पोरी वर, आणि मी त्यांच्या खाली! असा कसा गे?"

नव्या शतकाची पहिलीच वर्षं होती ती. डिचोलीच्या बाहेर, सुर्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अंगाला गोकुळदासबाबांचा काजूचा कारखाना होता. तिथे दोन गोष्टी एकाच वेळी येऊ घातल्या होत्या. काजू फोडायची यंत्रं येणार होती, त्यामुळे माणसं कमी होणार होती. आणि हजेरीपासून विक्रीपर्यंत सगळा कारभार एका नव्या संगणक यंत्रणेवर जाणार होता. माणसं कमी करायचा नियम साधा होता, शेवटी आला तो पहिला जाणार. शेवटी कोण आलं, हे नवी यंत्रणा सांगणार होती. गोकुळदासबाब तर खूश होते. "आता कोण माझ्यावर बोट दाखवणार नाही," ते म्हणत. "कॉम्प्युटर सांगेल ते खरं!"

ही यंत्रणा बसवण्याचं काम शालिनीकडे होतं. मांद्र्याची मुलगी, डिचोलीची सून. शिकलेली, कामाला चोख, आणि थोडी गर्विष्ठसुद्धा. नवी यंत्रणा म्हणजे तिला आपलं लेकरू वाटायचं. त्यामुळे शेवंतीचं बोलणं ऐकून तिला आधी रागच आला.

"तुझं कागदावरचं नाव काय?"

"वत्सला भिकाजी परब."

शालिनीने कळ दाबली. पडद्यावर वत्सला भिकाजी परब उमटली. कामावर आल्याची तारीख अगदी अलीकडची. "हे बघ. चार वर्षांमागे आलीस तू."

"चार वर्सां?" शेवंतीचा आवाज चढला. "अगे, चार वर्सांमागे माझा लगीन झाला! कामार मी परकर-पोलक्यात इलंय. गोकुळदासबाबांचे वडील जिवंत होते तेव्हा!"

शालिनीचा हात कळफलकावर तसाच थांबला. तिने शेवंतीकडे नीट पाहिलं. मग विचारलं, "लग्नाआधी तुझं नाव काय होतं?"

"शेवंती विठ्ठल गावस. म्हणान तर सगळी माका शेवंती म्हणतत!"

नव्या यंत्रणेत शेवंती विठ्ठल गावस नव्हतीच. शालिनीने जुन्या नोंदी उघडल्या, तेव्हा ती सापडली. नावापुढे शेरा होता: काम सोडले.

आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहेच. लग्नात नवरा ताटातल्या तांदळात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो, पाहुणे टाळ्या वाजवतात, फोटो निघतो. पहिलं नाव जातं. बापाच्या नावाच्या जागी नवऱ्याचं येतं, ते मधलं नाव गेलं. आडनाव तर जातंच. मुलगी तीच, पण तिच्या नावातला एक शब्दही जुना उरत नाही. लग्न आटोपून ती हळदीच्या अंगाने कामावर परतली की कारखान्यातला कारकून काय करायचा? जुनं नाव खोडून नवं लिहायचे कष्ट कोण घेणार! तो जुनं कार्ड बंद करायचा, त्यावर 'काम सोडले' लिहायचा आणि नवऱ्याकडच्या नावाने नवं कार्ड उघडायचा. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. बायकांना त्यांचा पगार मिळत होता, कारकुनाला त्याचा.

मुंबईहून आलेल्या सल्लागारांनी माहिती शुद्ध करायची म्हणून आणखी एक नियम लावला. काम सोडलेल्यांच्या नोंदी नव्या यंत्रणेत न्यायच्या नाहीत, उगाच कचरा कशाला! शालिनीनेच त्या नियमाला होकार दिला होता.

तिने एकेक नाव उघडून पाहायला सुरुवात केली. वैशाखात एक मुलगी काम सोडते, पुढच्याच महिन्यात एक नवी बाई लागते. मार्गशीर्षात दोघी सोडतात, पौषात दोघी लागतात. पुरुषांच्या नोंदींत असलं काहीच नव्हतं. पुरुष लग्न करून आला की तोच माणूस राहिला होता. ज्या बायकांची लग्नं लवकर झाली त्या यादीत वर होत्या. शेवंतीने बाप गेल्यावर धाकट्या भावंडांचं सगळं निस्तरलं, खनिजाच्या ट्रकावरच्या बिजवर भिकाजीशी उशिरा लग्न केलं, म्हणून ती तळाला होती. यंत्राने बायकांच्या नोकरीची वर्षं मोजलीच नव्हती. त्याने त्यांच्या लग्नाची वर्षं मोजली होती!

"शेवंती," शालिनी म्हणाली, "तू जेव जा. हे मी बघते."

"बघतंस म्हणजे काय करतंस?"

शालिनी उठली आणि थेट व्यवस्थापकांच्या केबिनकडे निघाली.

व्यवस्थापक गुरुदास केरकर हे कुणालाही न दुखावता काम उरकणारे गृहस्थ. म्हणजे जो समोर खुर्चीत बसेल त्याला ते दुखवत नसत, जो दाराबाहेर उभा असेल त्याचं काय व्हायचं ते होवो. शालिनीने सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी आधी चहा मागवला.

"शालिनी, दसऱ्याला उद्घाटन. निमंत्रणपत्रिका गेल्या. सल्लागारांनी लिहून दिलंय, माहिती शंभर टक्के शुद्ध. एकही रकाना कोरा नाही, एकही तारीख चुकीच्या रीतीने लिहिलेली नाही. तू फक्त खाली सही करायचीस की तू तपासलंस."

"रकाने भरलेत, सर. पण खोट्याने भरलेत."

"खोटं कसं? वत्सला परब त्या तारखेला लागली हे खरं की नाही?"

"वत्सला परब नावाचं कार्ड त्या तारखेला उघडलं, एवढंच खरं. बाई आधीपासून इथेच होती."

गुरुदास हसले. "आता गोव्यातल्या सगळ्या लग्नांचा हिशेब आपण ठेवायचा? नाव बदलतात त्या, आणि दोष आपला?"

"नाव बदलण्यात दोष नाही. नाव बदललं की माणूस बदललं असं आपण लिहिलं, तो आपला दोष आहे. आणि मी त्याखाली सही करणार नाही!"

गुरुदासांचा चहाचा कप बशीत जरा जोरात टेकला. "विचार कर. तू सही नाही केलीस तर दुसरा कुणी करेल. मग तुझी इथे गरज काय, असं बाब विचारतील. तेव्हा मी काही बोलू शकणार नाही."

म्हणजे आता दोन बायकांची नोकरी टांगणीला लागली होती, एकीची फळ्यावरच्या कागदामुळे आणि दुसरीची न केलेल्या सहीमुळे.

संध्याकाळी शालिनी घरी आली तेव्हा तिची सासू चंद्रावती आदोळीवर नारळ खवत बसली होती. चंद्रावती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. निवृत्त होऊन बराच काळ झाला, पण आवाज अजून वर्गातलाच होता. सुनेचा चेहरा बघून तिने नारळ बाजूला ठेवला आणि सगळी हकिगत ऐकून घेतली.

"तुमच्या त्या सल्लागारांनी तपासलं म्हणजे काय केलं गो?"

"सगळे रकाने भरलेत की नाही ते पाहिलं."

"भरलेला म्हणजे खरा? माझ्या वर्गात पोरं पाटी भरून आणायची. भरलेली पाटी बघून मी मार्क दिले असते तर सगळेच पहिले आले असते!" चंद्रावतीने हात पुसले. "यंत्राला काय बोल लावतेस! त्याला जे सांगाल ते घोकणार ते. त्याला सांगितलं कुणी, आणि सांगण्याआधी त्या बायकांना विचारलं कुणी, ते बोल."

विचारलं कुणीच नव्हतं. शालिनीनेही नाही.

"तुझ्या लग्नात मी माझ्या नारायणाला तुझं नाव बदलू दिलं नाही, त्याचं कारण तुला कधी सांगितलं नाही," चंद्रावती म्हणाली. "मी रुक्मिणी म्हणून शिक्षिका झाले. लग्न झालं, चंद्रावती झाले. पेन्शनच्या वेळी कचेरीतला साहेब म्हणतो, ह्या रुक्मिणीबाई कुठे आहेत, त्यांना घेऊन या. मी म्हटलं, समोर बसलीय. तर म्हणतो, कागदावर तसं दिसत नाही! बाजूचे दोघे हसले. मी पुरावे दिले, शपथा घेतल्या, पेन्शन मिळवलं. पण तो हसण्याचा आवाज अजून कानात आहे गो. मी शिकलेली होते, भांडू शकले. तुझी ती शेवंती कुणाकडे भांडणार?"

"पण आई, उद्या मला काढलं तर?"

"काढू दे! मग आपण दोघी मिळून भांडू. मला तरी दुपारी काय काम असतं?"

शालिनीला हसू आलं आणि त्याच हसण्यात तिची भीती बरीचशी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने ऑफिसातून एक टेबल उचललं, शिपाई सगुण नको नको म्हणत असतानाच त्याच्याकडून दुसरं टोक धरून घेतलं, आणि काजू फोडायच्या शेडमध्ये नेऊन ठेवलं. मग ती मोठ्याने म्हणाली, "बायांनो, एकेकीने या. तुमचं माहेरचं नाव सांगा, आणि त्या नावाने इथे काम केलं असेल तर तेही सांगा. तुमच्याबरोबर तेव्हा कामाला कोण होतं, तिलाही घेऊन या."

आधी कुणी हललं नाही. बायका एकमेकींकडे बघून हसू लागल्या. माहेरचं नाव! ते काय चारचौघांत सांगायचं असतं? मग शेवंती उठली. "मी शेवंती विठ्ठल गावस," ती म्हणाली, "आणि ही मालती माझ्या बाजूक बसा होती, तिका विचार."

"बसा होती तर!" मालती म्हणाली. "हिनाच माका शिकयला. पयल्या दिसाक माझी बोटां जळली, तेव्हा राख लावन दिली हिना."

त्यानंतर मात्र शेडमध्ये रीघ लागली. कुणी शकुंतला होती, कुणी यमुना, कुणी पार्वती. कुणी आपलं जुनं नाव ठासून सांगितलं, कुणाला ते उच्चारताना लाजल्यासारखं झालं. एक बाई नाव सांगून तिथेच डोळे पुसत उभी राहिली. आई गेल्यापासून त्या नावाने कुणी हाक मारली नव्हती, असं ती म्हणाली. प्रत्येकीच्या बाजूला दुसरी उभी राहून साक्ष देत होती. शालिनी लिहीत गेली आणि लिहिताना तिच्या लक्षात आलं की इतके महिने ह्या बायकांची माहिती आपण हाताळली, पण ह्यांच्यातल्या एकीशीही दोन शब्द बोललो नाही. तिला स्वतःची लाज वाटली.

गुरुदासांनी दोनदा सगुणाकडे निरोप धाडला की टेबल परत आणा. तिसऱ्यांदा ते स्वतः आले, आणि ते एकटे नव्हते. त्यांच्यासोबत गोकुळदासबाब होते.

शेडमधल्या बायका पदर सावरत उभ्या राहिल्या. बाब पंच्याहत्तरीकडे झुकलेले, पांढऱ्या लेंग्यातले, रागावले की डाव्या हाताने चष्मा काढणारे. त्यांनी चष्मा काढला.

"शालिनी, हा काय बाजार मांडलाय? लाखांची यंत्रणा आणली मी, आणि तू शेडमध्ये बसून बायकांना नावं विचारतेस? कॉम्प्युटरला खोटं ठरवतेस?"

"कॉम्प्युटर खोटं बोलला नाही, बाब. आपण त्याच्याकडून खोटं बोलवून घेतलं."

"कायदा आहे, शेवटी आला तो पहिला जाणार. मी कुणावर अन्याय करत नाही. यादी यंत्राने केली."

"यंत्राच्या आड लपून कुणाला घरी पाठवता येतं, बाब, पण त्याने अन्याय कमी होत नाही!" शालिनी थांबली नाही. "मला एक सांगा. गेल्या वर्षी तुमच्या लक्ष्मीचं लग्न झालं. सासरी तिचं नाव बदललं. कारखान्याच्या भागीदारीत तिचं जुनं नाव होतं. लग्नानंतर तुम्ही काय म्हणालात? लक्ष्मी गेली, तिचा हिस्सा संपला, ही नवी बाई कोण आम्हाला ठाऊक नाही, असं म्हणालात?"

"भलतंच काय बोलतेस! ती माझी मुलगी आहे!"

"म्हणून तुम्ही वकील बोलावलात, मला केबिनमध्ये बोलावलंत आणि एका दुपारी दोन्ही नावं एकमेकांना जोडून घेतलीत. ते काम मीच केलं. म्हणजे जोडता येतं, बाब! लक्ष्मीचं जोडता येतं तर शेवंतीचं का जोडता येत नाही? विचारायची इच्छा नव्हती, एवढंच त्याचं कारण!"

गुरुदास घाईघाईने पुढे झाले. "बाब, हे सगळं नंतर सवडीने बघू. आता दुसऱ्या कुणाची सही घेऊन..."

"घ्या," शालिनी म्हणाली. "माझ्या जागी कुणालाही बसवा. मी मात्र आता फळ्याजवळ जाणार आहे आणि त्या यादीखाली लिहिणार आहे की ही यादी चूक आहे. मला काढल्यानंतरही ती चूकच राहील!"

मग शेवंती पुढे आली. रडली नाही, हात जोडले नाहीत. कमरेला पदर खोचून ती बाबांसमोर उभी राहिली.

"बाब, माणसां कमी करूची असली तर करा. यंत्रां इली, तुमचो कारखानो. माझी खरी पाळी इली तर मी गुमान घराक जायन. पण मी काम सोडलंय असा लिवू नकात. बाप मेलो त्याच्या तेराव्याक मी ह्या शेडीत बसान काजू फोडले. मी काम कधी सोडूक नाय!"

गोकुळदासबाबांच्या हातातला चष्मा तसाच राहिला. त्यांनी शेडभर नजर फिरवली. ह्यातल्या कितीतरी बायकांना ते मुली असल्यापासून बघत होते. आपल्याला ह्यांचे चेहरे माहीत होते, ह्या नव्या नाहीत हे डोळ्यांना दिसत होतं, आणि तरी आपण त्या कागदावर विश्वास ठेवला, कारण तो सोयीचा होता. हे त्यांना त्या क्षणी कळलं, आणि कळल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर सगळ्यांना दिसलं.

"गुरुदास," ते हळू आवाजात म्हणाले, "तो कागद काढा."

"बाब, पण दसरा..."

"दसरा आपल्या वेळेला होईल. यंत्रणा तयार झाली की तिचं उद्घाटन होईल. पाहुण्यांना मी फोन करतो. आणि ही मुलगी सांगेल तोवर माहिती तपासायची. सही तिचीच पाहिजे!"

शेडमध्ये आधी कुणाला खरं वाटेना. मग मालतीने हातातली थाळी टेबलावर आपटली आणि असा काही गलका उठला की बाहेर ट्रक भरणारे हमाल आत डोकावले.

पुढे काम सोपं नव्हतं. सल्लागारांनी तोंडं वाकडी केली. यंत्रणेत माहेरच्या नावाचा एक नवा रकाना घातला गेला, दोन-दोन कार्डं जोडून एक करताना दिवाळी उलटली, आणि ज्यांचा कुणी साक्षीदार उरला नव्हता त्यांच्यासाठी शालिनीला सुर्ल्यापासून हरमलपर्यंत फिरावं लागलं. पहिल्या कार्डापासूनची तारीख लागल्यावर यादी वरची खाली झाली. खरोखर शेवटी आलेली माणसं तळाशी दिसू लागली, आणि त्यांत गुरुदासांच्या शिफारशीने पॅकिंगमध्ये चिकटलेले त्यांचे दोन भाचे होते! गुरुदास त्या आठवड्यात रजेवर गेले.

शेवंतीचं नाव सगळ्यांच्या वर आलं. शालिनीने तिला ऑफिसात बोलावून पडदा दाखवला आणि विचारलं, "कार्डावर कुठलं नाव छापू?"

"दोनय," शेवंती म्हणाली. "घरात वत्सला, हंय शेवंती. दोगीय मीच."

नागरिकहो, ही गोष्ट काजूच्या कारखान्याची असली तरी असा फळा आज प्रत्येक कचेरीत टांगलेला आहे. रेशनच्या दुकानात, बँकेत, पंचायतीत तुम्हाला कुणीतरी सांगतोच, "आम्ही काय करणार, कॉम्प्युटर असं म्हणतो." हे ऐकून मान खाली घालून परत फिरू नका! माहिती शुद्ध करणं म्हणजे नको ती नावं पुसून पडदा स्वच्छ दिसेल असं करणं नव्हे. जिच्याबद्दल लिहायचं तिच्यापुढे जाऊन उभं राहणं आणि तिला विचारणं, हेच ते काम आहे, आणि ते यंत्राचं नसून आपलं आहे. तुम्ही टेबलाच्या आतल्या बाजूला बसत असाल तर विचारल्याशिवाय सही करू नका. आणि बाहेरच्या बाजूला उभे असाल तर तिथून हलू नका. ताठ उभे राहा आणि विचारा: कॉम्प्युटरला हे सांगितलं कुणी? आणि सांगण्याआधी मला विचारलं होतंत का?